आबांची हाळी

गाजलेला जुना काउबॉयपट नव्यानं काढलाय, तो काल लेकीसोबत टीव्हीवर पाहत होतो. "जुना एवढा भारी असताना परत कशाला काढला?" ती म्हणाली. गारठा होता, म्हणून मी आबांची घोंगडी अंगावर ओढली आणि तिच्या लोकरीच्या वासासरशी खुलताबादच्या तंबूतल्या टॉकीजमध्ये जाऊन पोचलो.

तिथं तो जुना सिनेमा लागला होता. आबा, म्हणजे माझे वडील, दिवसभर मेंढ्या चारून आलेले. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं. पण गायींचा कळप बिथरून कड्याकडं धावला, तसे ते ताडकन उठले आणि मेंढ्या वळवायची लांब हाळी दिली, "हुर्रऽऽ हा!" सगळा तंबू हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा मात्र शांतपणे खाली बसले.

"हसा लेको. वळला का नाय कळप?"

कळप खरंच वळला होता.

नव्या सिनेमात तोच कडा आला. काय जीव ओतून केलाय तो प्रसंग! तशीच धूळ उठली आणि मला कळायच्या आत माझ्या तोंडून हाळी निघून गेली. लेक दचकली, मग खो-खो हसली. तिनं सिनेमा मागं नेला, कळप पुन्हा कड्याकडं धावायला लागला.

"पप्पा," ती म्हणाली, "परत एकदा द्या ना."