लांडग्यानं मागं ठेवलेलं दावं

आमच्या बैठकीत आत्याबाईंचा फोटो आहे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आल्यागेल्याचं लक्ष जातंच त्याच्याकडं. विचारतात, कुठल्या स्टुडिओत काढला हो? मी म्हणते, मीच काढला, अंगणात. लोकांना ती थट्टा वाटते. थट्टा नाही. मीच काढला. कसा काढला ते मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही.

आम्ही धनगर. मामंजी, म्हणजे सासरे, होते तोवर मेंढरं होती आणि मेंढरांमागं हिंडणं होतं. पुढं कालव्याचं पाणी आलं, इथं खुटबावला आमच्या जमिनीत झेंडू लागला, मेंढरं गेली. एक तेवढी आत्याबाईंनी ठेवली. तोंड काळं, अंग पांढरं, म्हणून काळतोंडी. तिच्यासाठी दावं त्यांनी स्वतः वळलेलं, काळी-पांढरी लोकर एकत्र पिळून. सकाळी उठल्यावर पहिलं बोलणं काळतोंडीशी, दुसरं माझ्याशी. मला त्या "पोरी" म्हणायच्या. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. माहेरी वडगाव रासाईला मला कुणी पोरी म्हटल्याचं आठवत नाही, "ए" म्हणायचे. त्यामुळं या घरात मला काय मिळालं असं कुणी विचारलं असतं तर मी तो एक शब्द सांगितला असता.

आता कॅमेरा. सकाळच्या शटलनं मी झेंडू घेऊन दौंडला जायचे. रेल्वे कॉलनीत एक मॅडम होत्या, गार्डसाहेबांच्या बायको. साहेब वारले होते आणि त्या लेकीकडं कायमच्या राहायला निघाल्या होत्या, म्हणून घरातलं एकेक सामान विकत होत्या. एक दिवस फुलं घेता घेता त्यांनी कातड्याच्या पाकिटातून कॅमेरा काढला. जुना, पाट्याच्या वरवंट्यासारखा जड. म्हणाल्या, "देखो तो सही."

बघायची खिडकी वेगळी, फोटो काढायची काच वेगळी. खिडकीत मधोमध एक पिवळसर चौकोन, आणि त्या चौकोनात सगळं दोनदा दिसायचं. अंगणातला नळ दोन. "अब इसको घुमाओ," मॅडम म्हणाल्या. काचेभोवतीचं कडं फिरवलं तसा दुसरा नळ सरकत सरकत आला आणि पहिल्यात शिरला. एकच नळ. त्याचा थेंबसुद्धा दिसला. "दो का एक हुआ, तब दबाना. और कोई सीधी लकीर पकड़ना, तभी समझेगा."

बाई गं. मी त्या दिवशी बाजारात फुलं उधळल्यासारखी विकली. झेंडूची रास दिसली की मनात दोन करायचे आणि एक करायचे. आठ दिवस हेच. मग मॅडम म्हणाल्या, रविवारी पुण्याहून एकजण बघायला येणार आहे, देऊन टाकीन. त्याच क्षणी मला आठवलं की आत्याबाईंचा एकही फोटो नाही. बघा, मन कसं असतं. इतकी वर्षं नाही आठवलं.

शुक्रवारी आत्याबाई भावकीतल्या लग्नाला गेल्या. मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, कारखान्यात दिवसपाळी. वस्तीवर मेंढ्या-बकऱ्या घेणारा व्यापारी टेंपो घेऊन यायचा, त्याला मी थांबवलं. काळतोंडी माझ्या हातातली भाकरी खात खात टेंपोपर्यंत आली. व्यापारी म्हणाला, "वैनी, दावं राहू द्या की गळ्यात, चढवायला बरं."

"दावं न्हाई देत आमी," मी म्हटलं.

आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दाव्याबरोबर दावणीची लक्ष्मी जाते म्हणतात. लहानपणापासून पाहिलेलं, हात आपोआप चालला. गाठ सोडली, दाव्याचं नीट वेटोळं केलं, खुंट्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं. शनिवारी कॅमेरा घरात.

आत्याबाई आल्या तेव्हा मी रडून ठेवलेलं होतं. "लांडग्यानं नेली वो आत्याबाई!" लांडगे होतेच आमच्याकडं माळावर, खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. मालकांनी तर तीन दिवस संध्याकाळी काठी घेऊन ऊस, ओढा, माळ पालथा घातला. आत्याबाई ओट्यावर बसून त्यांना जाताना बघायच्या. फक्त पहिल्या दिवशी खुंट्याभोवती एक फेरी मारली आणि वाकून जमीन बघितली. जन्म मेंढरांत गेलेली बाई. मला वाटलं, दुःख करतायत.

"कॅमेरा कुठला गं?" मालकांनी विचारलं.

"मॅडमनं दिला. जाताना आठवण म्हणून."

"फुकट?" आत्याबाई म्हणाल्या. "लई मोठ्या मनाची बाई."

आठ-दहा दिवसांनी त्या आपणहून म्हणाल्या, "माझा फोटू काढ." इरकली लुगडं नेसल्या. खुर्ची मी भिंतीशी ठेवली होती, ती उचलून त्यांनी मोकळ्या खुंट्याजवळ नेली. हात पदराखाली. मला काय, उजेड चांगला होता.

खिडकीत बघितलं. आत्याबाई दोन. सरळ रेघ पाहिजे म्हणून शोधते, तर त्यांच्या अंगावर सगळ्या सुरकुत्याच, रेघ कुठंच सरळ नाही. तेवढ्यात त्यांनी पदर बाजूला केला. मुठीतून काहीतरी सरळ खाली जमिनीपर्यंत लोंबलं. मला बरंच वाटलं, सापडली बाई रेघ. कडं फिरवत गेले. त्या दोन रेघा जवळ आल्या, अंगाला अंग लागलं, एक झाल्या. काळा पीळ, पांढरा पीळ. टोकाला सोडलेल्या गाठीचा वळसा अजून तसाच.

माझा डोळा खिडकीवरून निघेना.

"दिसलं का नीट?" आत्याबाई म्हणाल्या.

"व्हय."

"लांडगा धनगराचाच दिसतोय, सूनबाई. जनावर नेलं, दावं ठिवलं."

सूनबाई. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

"काढ की आता," त्या म्हणाल्या. मी दाबलं. नखावर गोचीड फोडावी एवढाच आवाज झाला.

त्या रोलमधले बाकी सगळे फोटो पुसट निघाले. हाच तेवढा असा लख्ख की दाव्याचे केस मोजावेत.

आत्याबाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, लेकालासुद्धा नाही. सांगितली असती तर एक दिवस शिव्या बसल्या असत्या आणि मिटलं असतं. त्यांनी मिटू दिलं नाही. घर पाहुण्यांनी भरलं की विचारायच्या, "सूनबाई, काळतोंडीला पाणी दावलं का?" मग कॅमेऱ्याच्या पाकिटाकडं बोट करून, "आना की तिला भाईर, पावन्यांचा फोटू काढंल." एकदा पाकिटापुढं मूठभर कडवळाचा चारा ठेवलेला. मला तिथंच मेल्यासारखं व्हायचं, आणि त्या माझ्याकडं शांत बघायच्या.

लोक म्हणायला लागले, म्हातारीला भ्रम झाला. शेजारणीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "कवापासनं गं असं?"

आता इथं मी काय केलं ते लिहिते. मी म्हटलं, "मेंढी गेल्यापासनं. डोक्यावर परिनाम झालाय." आणि कपाळाजवळ बोट फिरवून दाखवलं.

मग काय, सगळ्यांना सोपं झालं. आत्याबाई म्हणाल्या पाऊस येणार, फुलं तोडून घ्या, तरी लेक हसायचा. फुलं भिजली तरी हसायचा. त्या म्हणाल्या छातीत दुखतंय, तरी आम्ही आधी एकमेकांकडं बघून घ्यायचो. सहा वर्षं त्या घरात डोकं ठिकाणावर असलेली एकच बाई होती आणि तिचं बोलणं कुणी धरत नव्हतं. हे फक्त दोघींना माहीत होतं. मी एकदा एकटी गाठून म्हटलं, "आत्याबाई, पाया पडते, पोरी म्हना एकदा." त्या चुलीपुढं शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "याड लागलेल्या बाईचं काय मनावर घ्यायचं, सूनबाई?"

त्या गेल्यावर भिंतीला लावायला फोटो पाहिजे म्हणून मी तो घेऊन दौंडच्या स्टुडिओत गेले. फोटोवाल्यानं चष्मा वर करून बघितलं. "मावशी, हातात दोरी कशाला हो? बरी न्हाई दिसत. कापून टाकतो, नुसता चेहरा मोठा करतो. चालंल?"

बाहेर इंजिनानं दोनदा शिटी दिली.

"चालंल," मी म्हटलं.

आता नुसता चेहरा आहे. नजर सरळ समोर, म्हणजे तेव्हा जी खिडकीला डोळा लावून बसली होती तिच्याकडं. दावं नाही म्हटल्यावर ती नजर अगदी वेगळीच वाटते. परवा माझ्या सुनेच्या माहेरची माणसं आली होती. त्यातली एक म्हातारी फोटोपुढं किती वेळ उभी राहिली, मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "काय माया हाय वो नजरेत! सुनंवर लई जीव व्हता वाटतं?"

"व्हय," मी म्हटलं. "पोरी म्हनायच्या मला."