खळीचा वास

मैद्याची खळ शिजल्याचा वास आला की जालना जिल्ह्यातल्या हसनाबादची ती भिंत आठवते. मेंढपाळांवरचा एक छोटा चित्रपट जालन्यात लागावा म्हणूनच दादाने वितरण कंपनी काढली होती. सकाळी आम्ही दोघांनी पोस्टर चिकटवले, दुपारी परतलो तर शेळ्या ते खळीसकट खात होत्या. पारावरचे आजोबा हसले, "पोरा, बकऱ्यायला तुझा पिच्चर लई गोड लागून राह्यला!" दादाही हसला. संध्याकाळी टॉकीजवाल्याने रिकाम्या खुर्च्या दाखवल्या. "कोणीच न्हाई. शो कॅन्सल." दादा म्हणाला, "आम्ही दोघं आहोत की." "मालकाला प्रेक्षक म्हणतेत का?" असं म्हणत त्याने दिवे मालवले. आज दादाची कंपनी मोठमोठ्या हिरोंचे चित्रपट लावते. तो चित्रपट मात्र पडद्यावर कोणीच पाहिला नाही, आम्हीसुद्धा नाही.