मानाची गाडी, मानेचा नियम

बाजारकुणंगच्या सुतारमामांवर अन्याय झाला, तो गेल्या साली सुप्याच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य डोक्यावर असताना. त्याला अपघात म्हणणाऱ्यांनी पुढे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.

तुम्ही मामांना पाहिलंच असेल. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी चाचणीसाठी ते नदीकाठी पाण्याचं घंगाळ घेऊन बसत. कुणी हुज्जत घातली की मान वर न करता म्हणत, "मला काय इचारतोस? करवंटीला इचार."

बुडाला बारीक भोक पाडलेली ती करवंटी गाडी सुटताच मामा पाण्यावर सोडत, ती तरंगत हळूहळू भरायची. आधी मागल्या साली पहिली आलेली जोडी एकटी पळवायची. ती परतली की करवंटीत पाणी जिथवर चढलं, तिथे मामा पटाशीनं खूण करत. तिच्या बोटभर वर दुसरी. मग बाकीच्या गाड्या एकेक करून सुटायच्या. पाणी वरच्या खुणेला लागायच्या आत जो परतला नाही, तो शर्यतीतून बाहेर.

मी नावं लिहून घेत असे. मामा मला तम्मा म्हणत, कानडीत धाकटा भाऊ. एकदा म्हटलं, "मामा, हळू पळणाऱ्यानं काय पाप केलंय? पळू दे की मागनं."

"मागनं ऱ्हातोय व्हय कुणी? सुटताना समदीच पुढं घुसत्यात, तम्मा. वढ्याजवळ वाट एका गाडीपुरती. पुढचा रेंगाळला, मागचा भरधाव आला, तर मागची बैलं काय तुझं ऐकून थांबत्यात?" मग हसून म्हणाले, "मेव्हण्याला दोनदा काढलाय मी. अजून जेवाय बोलवत न्हाई."

गेल्या साली लाकूड ठेकेदाराची गाडी परतली, तेव्हा पाणी वरच्या खुणेच्या कितीतरी पुढे होतं. पंच म्हणाले, "मंडप त्यांचा, मान त्यांचा. त्यांची गाडी पुढे राहील."

मामा उठून उभे राहिले. "धनी, ह्यो नियम मानाचा न्हाई, मानंचा हाय." त्यांनी स्वतःच्या मानेवर हात ठेवून दाखवला. पंच हसले. लाज वाटते, पण मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मामा ओढ्याजवळ जाऊन उभे राहिले. ठेकेदाराची गाडी त्या अरुंद वाटेत रेंगाळली. मागून दुसरी येताना पाहून मामांनी मुंडासं सोडून हवेत फिरवलं. मागच्या गाडीवानानं कासरा ओढला, त्याचे बैल बुजून बांधाकडे वळले. बांधाला मामा होते. दोन्ही गाडीवान घरी जेवायला गेले. मामांना आम्ही खांद्यावरून नेलं.

"म्हातारा आडवा आला," एवढंच पंच बोलले.

यंदा त्यांनी चाचणीच काढून टाकली आहे. मोजायला माणूस नाही म्हणे. मोजायला मी बसतो. गाडीवाल्यांनो, सगळ्यांदेखत चाचणी होऊन हळू गाडी बाहेर निघत नाही, तोवर बैल जुंपू नका. ठेकेदार स्वतः दारात आला तरी जुंपू नका.