पुतळ्याचं चकचकीत पाऊल

चिंच कोळताना मला आजही नाशिकच्या आमच्या वाचनालयापुढचा तत्त्वज्ञाचा ब्राँझचा पुतळा आठवतो. अनावरणाच्या सकाळी सासूबाई पडद्याखाली शिरून चिंचेने त्याचं अनवाणी पाऊल घासत होत्या. शिल्पकार धावत आला. “आजी, थांबा! तो काळपट रंग मी मुद्दाम चढवलाय. माझा पहिलाच पुतळा आहे हो!” सासूबाई घासतच म्हणाल्या, “तांब्या-पितळेच्या गावात काळा पुतळा? लोक हसतील रे!” तेवढ्यात पाहुणे आलेच. पडदा सरकला आणि काळसर वस्त्राच्या चुण्यांखाली एकच पाऊल सोन्यासारखं झळकलं. टाळ्या कडाडल्या, पाहुणे थेट त्या पावलावर वाकले, मागे रांगच लागली! शिल्पकारही हसत रांगेत शिरला. बाळांनो, अजूनही येणारे-जाणारे तिथे हात लावतात, म्हणून ते पाऊल चिंचेशिवायही लखलखतं. आलात की तुम्हीही लावा.