भोंग्याचा घसा बसला तेव्हा

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला सगळी गल्ली भोंगा म्हणते. त्याला त्याचा राग नाही, उलट मिरवतो. बस डेपोत गाड्या पुकारणं हे त्याचं काम. माइक बंद पडला तर हा खिडकीतून नुसतं डोकं बाहेर काढतो, आणि पार शेवटच्या फलाटावर डुलक्या घेणारा ड्रायव्हर दचकून उठतो. आमच्या संघटनेच्या मोर्चासाठी कर्णा भाड्यानं आणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. भोंगाभाऊ पुढे, आम्ही मागे. आवाज हीच गरिबाची मालमत्ता, असं मी भाषणात ठणकावून सांगते तेव्हा डोळ्यांसमोर हाच असतो.

ती मालमत्ता तो घरी नेतो तेव्हा तिचं काय होतं, ते मला छतातून ऐकू यायचं.

त्याची एकुलती एक लेक नर्स आहे. तिनं हॉस्पिटलच्या मागे जाळीला बांधून ठेवलेली एक कुत्री सोडवून आणली. तपकिरी, कानावर काळा गोल ठिपका, म्हणून नाव बटण. भांडं पडलं तरी थरथरायची. मग लेकीला ऑपरेशन थिएटरच्या कामाच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी जायची संधी आली. काही महिन्यांचा मामला, आणि हॉस्टेलवर कुत्रं चालत नाही.

जाताना तिनं बापाला समोर बसवून सांगितलं, "घरात आल्या आल्या तिच्याकडे बघायचं नाही. अंगावर वाकायचं नाही. आधी चपला काढा, पाणी प्या, तिला आपणहून येऊ द्या. बाहेर ठरलेल्या वेळी न्या. घरात झालं तर गप्प पुसून टाका."

"माझ्याच घरात मी चोरासारखा शिरू?"

"बाबा, ओरडू नका एवढंच. जमणार नसेल तर आत्ता सांगा. मी जात नाही."

"तू जा गं. कुत्र्याला बाहेर मुतायला शिकवायचंय, विमान नाही उडवायचं."

पोरगी गेली आणि शिकवणी सुरू झाली. सगळ्या गल्लीला कळायचं, कारण कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत उभा राहून भोंगा तिला आदेश द्यायचा. "चल, कर. कर म्हणतो ना." बटण शेपूट पोटात घालून उभी. एक थेंब नाही. घरी परतली, यानं दारात वळून "आता काय?" म्हटलं, की उंबऱ्यातच तळं.

"मुद्दाम करते," तो वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगायचा. "डोळे कशी चोरते बघ. गुन्हा माहीत आहे तिला."

एक दिवस त्यानं तिचं नाक त्या ओल्यात घासलं. तिचं केकाटणं छतातून खाली आलं, आणि मी हातातलं टाकून वर गेले.

"भाऊ, साहेबाच्या केबिनबाहेर आपण आवाज चढवतो, कारण तो वरचढ असतो. ही कुठे तुमच्यावर वरचढ आहे?"

"माझ्या घरात मोर्चा आणू नका."

"आणावाच लागेल."

आमचं बोलणं बंद झालं. कुत्रीचं मूत बंद झालं नाही. आता ती पलंगाखाली, ट्रंकेमागे, मिळेल त्या सांदीत करायला लागली. वहिनी फडकं घेऊन घरभर वाकलेल्या. शेवटी भोंगा म्हणाला, "पोरीला फोन कर. म्हणावं नाही जमत, ये निघून." वहिनी म्हणाल्या, "उद्या करते." दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाल्या. मुलीची संधी त्यांच्या तोंडून मोडणार होती, आणि तोंड उघडत नव्हतं.

त्याच आठवड्यात डेपोचा माइक पुन्हा गेला. भोंग्यानं दिवसभर नुसत्या घशावर गाड्या पुकारल्या आणि संध्याकाळी त्याच्या तोंडातून फक्त हवा निघाली. डॉक्टरांनी घशात बघून दम दिला, "मी सांगेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर आवाजाला कायमचा रामराम."

माणूस घाबरला. सुट्टी टाकून घरी बसला, पाणी हवं असलं की पेला वाजवायचा.

रिकामाच होता म्हणून बटणला तोच बाहेर न्यायला लागला. कोपऱ्यावर जायचा आणि बोलायची सोय नाही म्हणून विजेच्या तारा बघत उभा राहायचा. बटणनं हुंगलं, एक फेरी मारली, पुन्हा हुंगलं आणि बसली. त्यानं आनंदानं तोंड उघडलं, डॉक्टर आठवले, मिटलं. खिशातला बिस्किटाचा तुकडा तिच्यापुढे ठेवला. हळूहळू घर कोरडं झालं. ट्रंकेमागचं बसणं सुटलं. एका दुपारी ती त्याच्या पावलावर हनुवटी टेकून झोपली, आणि पायाला मुंग्या आल्या तरी हा हलला नाही.

त्याच दुपारचं वहिनींनी मला नंतर सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या.

"तुमचा घसा बसला आणि हिचं आवरलं," त्या म्हणाल्या.

त्यानं छातीवर बोट ठेवलं. म्हणजे, बघ, शिकवलं की नाही.

वहिनी हसल्या नाहीत. "आपल्या पोरीचंही असंच होतं. तुमची रात्रपाळी असली की सकाळी गादी कोरडी. तुम्ही घरी निजलात की ओली. चादरी मीच धूत होते, मला कळणार नाही?"

इथे मागचं सांगायला हवं. पोरगी शाळेत चांगली रुळली तरी अंथरूण ओलं करायची. भोंग्यानं त्यावर त्याच्या डोक्याप्रमाणे इलाज काढला होता. सकाळी तिची निळी गादी गॅलरीच्या कठड्यावर टाकायची आणि डेपोच्या सुरात पुकारायचं, "प्रवाशांनी लक्ष द्या, फलाट क्रमांक एकवर पुन्हा पाणी साचलेलं आहे." गल्ली खदाखदा हसायची. पोरगी दप्तर छातीशी धरून भिंतीच्या कडेनं शाळेत जायची. लाज वाटली की सुधारेल, हा त्याचा हिशेब.

त्यानं वहिनींच्या तोंडाकडे बोट केलं, मग हात उलटा फिरवला. म्हणजे, तेव्हा का नाही बोललीस?

"तुमच्या आवाजात मध्ये कुठे जागा होती?" वहिनींची सुरी चालूच होती. मग म्हणाल्या, "माझंही चुकलंच. गादी उचलून आत आणायला मला काय झालं होतं? ऊन आहे, वाळू दे, असं मीच म्हणायचे."

मला सांगताना त्या म्हणाल्या, "त्यांना बोलता येत असतं ना, तर त्यांनी मला पहिल्याच वाक्याला गप्प केलं असतं. त्या दिवशी सगळं ऐकावं लागलं."

भोंगा उठला, गॅलरीत गेला आणि कठडा धरून उभा राहिला. जेवायला बोलावलं तर मान हलवली. भूक नाही.

आवाज परत आला. थोडा चिरका झालाय, पण शेवटच्या फलाटापर्यंत जातो. मात्र आता तो जिना चढताना माझ्या दारापाशी थांबतो, खाकरून घसा मोकळा करून घेतो आणि वर मुकाट्यानं जातो. चपला काढतो, पाणी पितो, भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसतो आणि कुत्री येईपर्यंत वाट बघतो. छतातून काही येत नाही. पोरीला फोन गेलाच नाही. तिचं प्रशिक्षण पुरं झालं.

ती परतली त्या दिवशी वहिनींनी मला चहाला बोलावलं होतं. तिनं दारात पाऊल टाकलं, आणि बटण आनंदानं इतकी वेडी झाली की उड्या मारता मारता तिथेच तळं केलं.

पोरीनं आधी बापाकडे पाहिलं. खांद्यावरची बॅगही न उतरवता गुडघ्यांवर बसली, गळ्यातली ओढणी काढून फरशीवर दाबली. "मी पुसते, बाबा. मी पुसते. लगेच पुसते." रक्त बघून न डगमगणारी बाई, आणि आवाज शाळकरी पोरीचा.

भोंगा बादली आणि फडकं घेऊन आला. तिच्यासमोर खाली बसला, ओढणी हळूच बाजूला केली आणि पुसायला लागला. काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं, बाबा."

"गादी," तो म्हणाला. "कठड्यावर टाकायचो. वरून पुकारायचो. चुकलं माझं."

हे सगळं तो फरशीकडे बघतच बोलला. आणि माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "गादी सगळ्या गल्लीला दाखवलीत, भाऊ. माफी मात्र फरशीला?"

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कप खाली ठेवला. पण भोंगा खरंच उठला. गॅलरीत गेला, दोन्ही हात कठड्यावर ठेवले, छाती भरून घेतली. खाली गल्ली चालू होती, कुणी वर बघत नव्हतं. बघायला लावण्याइतका आवाज त्याच्याकडे होता.

"नको, बाबा," पोरगी म्हणाली. "बटण घाबरेल."

भरलेला श्वास त्यानं तसाच सोडला. परत आला, खाली बसला. पोरीनं बादली त्याच्याकडे सरकवली.

"त्या कोपऱ्यात राहिलंय," ती म्हणाली.

त्यानं फडकं पिळलं आणि कोपरा पुसायला घेतला.