वाजती भिंत

काका कुठलीही वस्तू आधी बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि मग तिला गाल लावायचे. वस्तू कोणाची आहे, ठोकावी की नाही, असले प्रश्न त्यांना पडत नसत. लग्नात आहेराच्या समया ठोकून झाल्या होत्या. नगरसेवकांच्या नव्या जीपचं बॉनेट ठोकून "पत्रा हलका हाय" असा निकाल त्यांनी चारचौघांत दिला होता. एकदा देवळात नवी घंटा बसवली. आरती संपताच काका स्टुलावर चढले, घंटा ठोकली, गाल लावला आणि पुजाऱ्यांना म्हणाले, "पितळेत भेसळ हाय."

"काका, देवळात उभे आहात तुम्ही!" पुजारी ओरडले.

"म्हणून तर खरं सांगतोय."

ज्याच्यासमोरून नवी वस्तू न्यायची भीती वाटते, असा एखादा माणूस तुमच्याही आजूबाजूला असेल. आमच्या आळीत लोक नवा कुकर पिशवीत गुंडाळून घरी नेत.

काका तांबट. जुन्या नाशकात, गोदावरीच्या काठावरून जरा वर चढून आलं की आमची आळी. उभं आयुष्य हंडे-घागरी ठोकण्यात गेलं आणि त्यात त्यांचा डावा कान पुरता गेला, उजवा अर्धा. उरलेलं ऐकण्याचं काम ते गालाकडून करून घेत. मी जवळच्या शाळेत चित्रकला शिकवायला आलो तेव्हा नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. स्टील आणि प्लास्टिकनं आळीचं काम जवळजवळ संपवलं होतं. हातोड्या बंद पडल्या, त्या शांततेचं नव्या बिऱ्हाडांना कौतुक होतं. काकांना ती शांतता ऐकू येत नव्हती, तरी खुपायची.

"जमीन हलत नाय मास्तर," ते म्हणायचे. "पूर्वी सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकला की कळायचं, कोण कामाला बसलाय. आता नुसती पडून असते मेल्यासारखी."

आळीच्या टोकाला एका बंद गोदामाची लांबलचक भिंत होती. पुरुषमंडळी तिचा उपयोग कशासाठी करत हे सांगायला नको. वारा फिरला की सगळ्या आळीला कळायचं. एका वर्षी नगरसेवकांनी भिंतीचं सुशोभीकरण मनावर घेतलं. त्यांच्याकडे तयार उपाय होता: देवादिकांच्या फरशा. सर्व धर्मांचे देव ओळीनं चिकटवायचे, मग कोणाची हिंमत होते बघू. मी कलाशिक्षक, म्हणून माझं मत विचारलं गेलं. मी गोदाघाटाचं भव्य चित्र सुचवलं, घाट, कमानी, आणि पाण्यात दोन बदकं. बदकं मी कुठून आणली होती, देव जाणे.

त्या बैठकीत काका मागे बसून सगळ्यांचे ओठ बघत होते. ते उठले.

"देवांना कशाला मुतारीवर राखण बसवता?"

"मग काय लावायचं, काका?" नगरसेवकांनी मोठ्यानं विचारलं.

"भांडी."

सगळे हसले. काकाही हसले, कारण सगळे हसत होते. पण दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरायला लागले. माळ्यावर पडलेलं तांब्या-पितळेचं भांडं द्या, म्हणायचे. मोडीत घालायला निघालेली कळशी, बूड गेलेला बंब, पुरात वाहून जाऊन परत सापडलेली परात. कल्हईवाल्या चाचांनी आपला हातानं फिरवायचा भाता दिला. पोचे आलेली भांडी पाहून मी म्हणालो, "आधी नीट करून घ्या." काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या नातवाचं नाक बदलायला सांगत होतो.

"पोचा काढला तर घर कसं ओळखू येणार?"

भांड्यांचा ढीग पाहून नगरसेवकांनी फरशांचा नाद सोडला आणि भिंतीवर काम सुरू झालं. भिंतीला चिकटलं तर भांडं मुकं होतं, म्हणून ते सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर बसवायचे. बसवलं की भिंतीला गाल लावायचे आणि मला म्हणायचे, "हाणा." मी लाकडी हातोडीनं हाणायचो. कलेची पदविका घेतलेला मी, काकांच्या हाताखाली आठवडाभर फक्त हाणत होतो.

"बारीक की जाड?" ते विचारायचे.

"जाड."

"नाय. मधलं हाय." आणि भांडं काढून चार हात पुढे लावायचे. बहिरा माणूस मला माझ्या दोन्ही कानांसमोर खोटं पाडत होता, आणि दर वेळी त्याचंच खरं निघत होतं.

आठव्या दिवशी मला कळलं की या लावण्याला क्रम आहे. पहाटे आळी जशी जागी व्हायची, तशी भांडी लावली जात होती. आधी मोठ्या हंड्यांचे संथ, जाड ठोके, मग घागरींचे, मग सगळ्यांचा गलका, आणि शेवटी तांब्यांची बारीक, भरभर टिकटिक. काठी घेऊन भिंतीच्या कडेनं चालत गेलं की तासाभराची सकाळ मिनिटात ऐकू यायची. मधे चाचांचा भाता होता. तो फिरवला की तोंडावर वारा यायचा. टोकाला तोटी लावलेला तांब्याचा हंडा होता. त्यातलं पाणी प्यायलं की जिभेवर ती जरा तुरट, जुन्या घरांतली चव राहायची. मी माझी बदकं मनातल्या मनात बुडवून टाकली.

एकच कमी होतं. सुरुवातीचा पहिला ठोका. त्यासाठी मोठ्या घेराचं भांडं हवं होतं आणि तसं भांडं आळीत एकाच घरी होतं: काकांच्या. काकूंना लग्नात माहेरहून आलेलं घंगाळ. काकू तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी दिंडोरीला गेल्या होत्या. काकांनी माळ्यावरून घंगाळ उतरवलं आणि भिंतीवर चढवलं. मी हाणलं. काकांनी गाल भिंतीवर ठेवून डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

काकू परत आल्या त्या भिंतीच्या बाजूनंच. हातातली पिशवी तशीच धरून त्या घंगाळासमोर उभ्या राहिल्या. मग घरी गेल्या, आणि त्यांनी काकांशी अबोला धरला.

तीन दिवस गेले. काकांना पत्ताच नाही. बिचाऱ्या काकू जीव तोडून गप्प बसत होत्या आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्याला फरकच कळत नव्हता. शेवटी त्यांनी माझ्या घरी येऊन सांगितलं, "मास्तर, त्यांना सांगा, मी बोलत नाय म्हणून."

मी पाटीवर लिहून काकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"कधीपासून?"

"तीन दिवस झाले."

काकांचा चेहरा पडला. तसेच उठले, पकड घेतली आणि भिंतीकडे निघाले. घंगाळाच्या पट्ट्या सोडवायला लागले तेवढ्यात काकू मागून आल्या आणि त्यांनी पकडच हिसकावून घेतली.

"हात लावू नका! विचारून नेलं असतं तर मीच डोक्यावर घेऊन आले असते. आता चार लोकांनी वाजवलंय, राहू द्या इथंच. पण माझं हाय ते. कळलं? माझं!"

काकांनी मान हलवली. किती ऐकू आलं माहीत नाही, पण कळलं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चिंच-मीठ घेऊन भिंतीपाशी हजर. फक्त आपलं घंगाळ घासलं. एवढ्या भिंतीत ते एकटंच सूर्यासारखं झळकायला लागलं. आता हे बाकीच्या बायकांना कसं सहन व्हावं? परवापर्यंत माळ्यावर सडत असलेल्या कळश्यांवर अचानक मालकी सांगितली गेली. आठवड्याभरात रोज सकाळी दहा-बारा बायका भिंतीशी जमायला लागल्या, भिंत लखलखली आणि आळीभर ओल्या चिंचेचा वास सुटला. हा वास आमच्यापैकी कोणीही योजलेला नव्हता. पुरुषमंडळींनी तर ती जागा कायमची सोडली. बारा बायका हात ओले करून उभ्या असताना तिथं जायला माणूस फार बेफिकीर लागतो.

उद्घाटनाला नगरसेवकांनी भाषण केलं. त्यात मी पुरवलेला "बहुसंवेदी कलाकृती" हा शब्द त्यांनी तीन वेळा वापरला. गर्दीतून कोणीतरी विचारलं, म्हणजे काय?

"म्हणजे मुतारी बंद," काका म्हणाले.

मग काठी घेऊन काकूंनी पहिला ठोका दिला आणि भिंतीच्या कडेनं चालत गेल्या. आळीतले म्हातारे कारागीर खुर्च्या टाकून बसले होते. गलका सुरू झाला तसा त्यांच्यातल्या एकाचा हात मांडीवर आपोआप खालीवर व्हायला लागला. दुसरा मोठ्यानं म्हणाला, "अरे, ही आपलीच सकाळ!" आणि रडायला लागला, अगदी नाक ओढत, लाज न बाळगता. काका दोन्ही तळवे भिंतीवर टेकून उभे होते आणि एकेकाचं तोंड बघत होते.

"कसं वाजलं, मास्तर?"

मी खिशात रुमाल शोधत होतो.

"तुम्हीपण बहिरे झालात का?" काका खेकसले.

भिंत सहा वर्षं वाजली. मग रस्ता रुंद करायचं निघालं, गोदाम विकलं गेलं. मी अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या, चिडून दोन कार्यालयांत भांडून आलो. काकांनी माझी धडपड शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "भिंत त्यांची होती. भांडी आपली हायेत." त्यांनी एकेक भांडं स्वतःच्या हातानं उतरवलं. कोणाची कुठली कळशी हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पोच्यांवरून त्यांना घर आठवायचं. जी बिऱ्हाडं सिडकोत, पंचवटीत राहायला गेली होती त्यांच्याकडे आम्ही रिक्षानं गेलो. सिडकोतल्या एका बाईनं दार उघडलं, सासूची परात पाहिली आणि आम्हाला आत या म्हणायचंही विसरून ती परात छातीशी धरून उभी राहिली. काका जिना उतरताना खुशीत होते. "चहा नाय मिळाला, पण काम झालं," म्हणाले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काका आजारी पडले. उजवा कानही गेला होता आणि गालाला आता भांडी थंड लागतात अशी तक्रार होती. पंधरा दिवस अंथरुणावर होते, मग गेले.

मी काकूंना भेटायला गेलो. बसता बसता म्हणालो, "शेवटी त्यांना काहीच ऐकू येत नसेल."

"काही नाय," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मी सगळं बोलून घेतलं. लग्न झाल्यापासूनचं. जे जे मनात होतं ते, अगदी पहिल्या दिवसापासून. पंधरा दिवस बोलत होते, मास्तर. घसा बसला माझा."

"अन् काका?"

"ते बघत होते माझ्या ओठांकडे." काकूंनी पदरानं डोळे पुसले. मग एकदम त्यांना हसू आलं. "शेवटच्या दिवशी म्हणतात, थांबलीस का? अजून हाय ना बाकी?"