सहा आण्यांचं गाव

निजामाच्या राज्यात पीक उभं असताना तहसिलीचा माणूस यायचा आणि पटवाऱ्यासोबत शिवार फिरून अख्ख्या गावाची एकच आणेवारी ठरवायचा. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, सहा आणे म्हणजे कसंबसं. आमचे दादा, म्हणजे वडील, पंच म्हणून सोबत असत. त्यांना ते वेडच लागलं. आमटी बारा आणे, म्हैस नऊ आणे. माझ्या स्वयंपाकाला ते आठाच्या वर कधी गेले नाहीत, याचा मला अजून राग आहे.

मला स्थळ आलं राणीसावरगावकडच्या एका खेड्यातलं. मुलगा मी मावसबहिणीच्या लग्नात पंगत वाढताना पाहिला होता, आणि मनात भरला होता. दादांनी ऐकून घेतलं आणि तंबाखू थुंकून म्हणाले, "त्या गावाची आणेवारी सहाच्या वर जात न्हाई. तिथं पोरगी देत न्हाई."

मला रडूच आलं. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता बोलली, "माझ्या बापानं बी धा आण्यांचं गाव बघूनच मला दिली. आपल्या माळावर पाचाच्या वर कदी पिकलं का, सांगा की."

सकाळी दादा गाडी जुंपून मुलाचं शेत बघायला गेले. ओढ्याकाठची काळी जमीन, डोक्याएवढी ज्वारी. परत येऊन म्हणाले, "गावाचा शेतसारा ठरवायला आकडा ठीक हाय. पर पोरगी काय अख्ख्या गावात नांदणार न्हाई." लग्न ठरलं.

तरी दादांना घोर होताच. सासू कशी, जावई कसा? लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्यातली रीत. लग्नानंतर दादा माझ्या सासरी यायचे, बाहेर ओट्यावर टेकायचे आणि विचारायचे, "किती आणे सुख हाय, माय?" सुखात होते मी, लय सुखात. पण ते आण्यांत सांगायला जमेना. "आत या, मंग कळंल," म्हणायची. ते हसायचे आणि तहानलेलेच परतायचे.

नातू झाला, मी बाळंतपणाहून सासरी परतले, तेव्हा दादा पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आले. तांब्याभर पाणी प्याले. पिठलं-भाकर खाल्ली, सासूशी गप्पा मारल्या, जावयासोबत शेत फिरले, मुक्काम केला.

घरी गेल्यावर आईनं विचारलं, "मंग? किती आणे?"

दादांनी पागोटं खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, "तू बी जाऊन ये. चांगलं चार दिस ऱ्हा."